सही दोघांची, घर कोणाचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कौटुंबिक व्याख्यानमालेत, आपल्याच क्लब हाउसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)



व्याख्यानमालेसाठी समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "घटस्फोट झाला तर घराची आणि कर्जाची वाटणी कशी होते, यावर बोलते." खोलीत जरा शांतता पसरली. मग एक वहिनी म्हणाल्या, "अहो, रौप्यमहोत्सव आहे. काहीतरी मंगल घ्या ना." मी म्हटलं, "मागच्या महिन्यात मृत्युपत्रावर व्याख्यान झालं, तेव्हा कोणी असं म्हणालं नाही!" हसण्यावारी विषय मंजूर झाला.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बारा कर्ज विभागात. आणि माझा स्वतःचा घटस्फोट याच सोसायटीत राहताना झाला. जुन्या मंडळींना तो माहीत आहे. त्या काळात तुम्ही जिन्यात माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलायचात, त्यावरून मला कळायचं. सोळा वर्षं झाली. मुलगा मोठा झाला, कर्ज फिटलं. आता मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. आणि त्या वेळी मला कोणी हे सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं, म्हणूनही बोलते.

२००० साली आम्ही बी विंगमधला फ्लॅट घेतला. किंमत ९ लाख ६० हजार. त्यात ७ लाखांचं गृहकर्ज, पंधरा वर्षांचं, हप्ता ८,४०० रुपये. वरचे २ लाख ६० हजार ह्यांनी घातले, वडिलांनी गावची जमीन विकून दिलेले. करारनाम्यावर, कर्जावर आणि भाग दाखल्यावर दोघांची नावं. पहिली तीन वर्षं हप्ता ह्यांच्या पगारातून जायचा. मग ह्यांनी नोकरी सोडून धंदा काढला आणि हप्ता माझ्या खात्यातून सुरू झाला. धंद्यासाठी वेगळं कर्ज काढलं, त्याला जामीनदार मी. माहेरचं चौदा तोळे सोनं होतं, तेही धंद्यासाठी गहाण पडलं, आणि परत आलं नाही. २००८ मध्ये आम्ही वेगळे झालो. वाईट माणूस म्हणून नाही. जमलं नाही, एवढंच. पण "जमलं नाही" म्हटल्यावर पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला : हे घर कोणाचं?

ह्यांचं म्हणणं, पैसे माझ्या वडिलांचे. माझं म्हणणं, हप्ते माझे. नातेवाइकांचं म्हणणं, कायद्याने निम्मं-निम्मं. तिघेही थोडे थोडे चुकत होतो.

सर्वांत मोठा गैरसमज हाच, निम्म्या-निम्म्याचा. सिनेमात पाहून आपल्याला वाटतं की घटस्फोट झाला की नवऱ्याची अर्धी मालमत्ता बायकोला मिळते. आपल्याकडे असा कायदा नाही. लग्न झालं म्हणून एकाची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही, आणि लग्न मोडलं म्हणून तिचे दोन भागही होत नाहीत. ज्याच्या नावावर, ज्याच्या पैशातून, त्याची. देशात याला ठळक अपवाद आपल्या शेजारचा, गोव्याचा. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना निम्मा वाटा मिळतो. महाराष्ट्रात तसं नाही. २०१० साली संसदेत एक विधेयक आलं होतं, त्यात पुढे पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूरही केलं. पण लोकसभेत ते पुढे गेलं नाही आणि २०१४ मध्ये रद्दबातल झालं.

मी हिंदू विवाह कायद्याखालचा अनुभव सांगते आहे. विशेष विवाह कायद्याने लग्न झालेले, ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी यांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत. पण घराचा करारनामा, बँकेचं कर्ज आणि सोसायटीचा भाग दाखला यांचे नियम आपल्या सगळ्यांना सारखेच लागतात. आणि खरी भांडणं तिथेच होतात.

मग दोघांच्या नावावरच्या घराचं काय? आमच्या वकीलबाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला. त्यातलं ४५ वं कलम साधं आहे. दोघांनी मिळून पैसे देऊन मालमत्ता घेतली, आणि वेगळा करार नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांचा सारखा. बाई म्हणाल्या, "भांडू नका. पासबुकं आणा."

आम्ही पासबुकं आणली. ह्यांचे सुरुवातीचे २ लाख ६० हजार, अधिक छत्तीस हप्ते म्हणजे ३ लाख २ हजार ४००. एकूण ५ लाख ६२ हजार ४००. माझे सहासष्ट हप्ते, ५ लाख ५४ हजार ४००. फरक आठ हजारांचा! वर्षभर आम्ही ज्यावरून एकमेकांना नाही नाही ते बोललो, त्याचा हिशेब एका दुपारी, एका कागदावर झाला. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मी पाणी प्यायले. निम्मं-निम्मं ठरलं, पण ते लग्नामुळे नाही, पासबुकामुळे.

आता इथे बसलेल्या कित्येक जणी मनात म्हणत असतील, "आमचं तर पासबुकच नाही. आम्ही घर सांभाळलं." बरोबर आहे, आणि कायद्याची ही दुखरी जागा आहे. घरात राबलेल्या वर्षांचा हप्ता कुठल्या खात्यात दिसत नाही. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की गृहिणीने घर सांभाळल्यामुळेच पतीला कमावता आलं, म्हणून त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. निकाल मोलाचा आहे, पण तो दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा. आपल्याकडे तो दाखला म्हणून दाखवता येतो, बंधनकारक नाही. त्यामुळे माझा सल्ला रोखठोक आहे : घर घेतानाच करारनाम्यावर नाव घाला. नंतर घालू, असं म्हणत पंचवीस वर्षं जातात.

घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोच्या हातात काहीच नाही का? आहे, पण ते वेगळं आहे. राहण्याचा हक्क आणि मालकी हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पत्नीला संसाराच्या घरात राहण्याचा हक्क दिला. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते संसाराचं घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पण राहायला मिळालं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. दुसरा मार्ग पोटगीचा. हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाखाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहतं, आणि गरज पडली तर पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर चढवतं. ही पोटगी नवराही मागू शकतो बरं का. माझा पगार सुरू होता आणि ह्यांचा धंदा बसला होता. ह्यांनी मागितली नाही, हे मी इथे कबूल करते. २०२० पासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी लागतात. लपवाछपवीला त्यामुळे थोडा आळा बसला आहे.

सोन्याकडे वळते. माहेरून, सासरहून, आप्तांकडून बाईला जे मिळतं ते स्त्रीधन. ते वाटणीत येतच नाही. ते तिचं एकटीचं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याचीच. मी सोनं खुशीने दिलं होतं. "आपलाच धंदा" म्हणूनच दिलं होतं. पण यादी कुठे होती? लग्नातले फोटो आणि सराफाच्या चार पावत्या, एवढ्यावर आम्ही सुमारे दोन लाख रुपये धरले. पाटल्या होत्या हे ह्यांनी नाकारलं नाही म्हणून निभावलं. सगळीकडे निभावतंच असं नाही. आणि लग्नात दोघांना मिळून आलेल्या भेटी असतात, त्यांच्याबद्दल त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाखाली न्यायालय निर्णय देऊ शकतं.

हे झालं मालमत्तेचं. खरी मेख कर्जात आहे. वाटणी म्हटली की लोकांना मिळायचं काय ते दिसतं, फेडायचं काय ते दिसत नाही.

बँकेच्या टेबलावर बारा वर्षांत मी किती तरी जोडपी पाहिली. हातात न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन यायची. "मॅडम, यात लिहिलंय, कर्ज तो फेडणार. माझं नाव काढा." मला सांगावं लागायचं, "ताई, हा करार तुमच्या दोघांतला. बँक त्यात नव्हती." गृहकर्जाच्या कागदावर दोघांची सही असेल तर बँक पूर्ण रक्कम दोघांकडून किंवा एकट्याकडूनही मागू शकते. तो फेडायचा थांबला तर नोटीस तुम्हाला येते, सिबिलवर डाग तुमच्या नावाला लागतो. जामीनदाराचंही तसंच. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. घटस्फोट जोडीदारापासून होतो, बँकेपासून होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ज्यावर तुमची सही नाही असं नवऱ्याचं वैयक्तिक कर्ज, त्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी, हातउसने, हे केवळ तुम्ही त्याची बायको आहात म्हणून तुमच्या गळ्यात येत नाही. बायकोचं कर्ज नवऱ्याच्या गळ्यातही तसं येत नाही. सही हीच रेघ. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सही करताना प्रेमाने करा, पण वाचून करा. हे ज्ञान सांगणाऱ्या बाईने स्वतः धंद्याच्या कर्जावर न वाचता सही केली होती. बँकेत कर्ज विभागात बसून!

आमचा हिशेब शेवटी असा झाला. २००९ मध्ये फ्लॅटची किंमत धरली ३२ लाख. गृहकर्ज बाकी साडेचार लाख. उरले साडेसत्तावीस. ह्यांचा निम्मा हिस्सा १३ लाख ७५ हजार. त्यातून सोन्याचे दोन लाख वजा, राहिले ११ लाख ७५ हजार. ते मी ह्यांना द्यायचे आणि घर माझं. पण वकीलबाईंनी एक अट घातली, तिने मला वाचवलं. धंद्याच्या कर्जाची बाकी होती ५ लाख ६० हजार. ती रक्कम ह्यांच्या हातात द्यायची नाही. माझ्या नावाने निघालेली पे ऑर्डर थेट त्या कर्जखात्यात भरायची, कर्ज बंद करायचं, आणि माझी जामीनकी संपल्याचं पत्र घ्यायचं. उरलेले ६ लाख १५ हजार ह्यांना. ह्यांना राग आला. "माझ्यावर विश्वास नाही का?" मी गप्प बसले. बाई म्हणाल्या, "विश्वास आहे हो. पण बँकेचा नाही ना तुमच्यावर." ह्यांनी सही केली.

मी १२ लाखांचं नवं कर्ज घेतलं, बाकीचं भविष्यनिर्वाह निधीतून आणि भावाकडून. जुनं कर्ज त्यातच फेडलं. २०२० मध्ये शेवटचा हप्ता भरला, २०२१ मध्ये निवृत्त झाले.

कागदांचा क्रम महत्त्वाचा, तो नीट ऐका. आधी बँकेशी बोलायचं, कारण गहाण घराचा व्यवहार बँकेच्या संमतीशिवाय होत नाही, आणि उरणाऱ्या माणसाचं उत्पन्न पुरेसं आहे का हे बँक तपासते. मग न्यायालयात दाखल करायच्या समझोत्यात घराचं पूर्ण वर्णन, रकमा, तारखा, कोणतं कर्ज कोण कधीपर्यंत बंद करणार, सगळं लिहायचं. "आपसांत मिटलं" एवढ्यावर सोडायचं नाही. मग हक्कसोडपत्र करून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचं. शक्यतो हे अंतिम हुकूमनाम्याआधी उरकावं. महाराष्ट्रात पतिपत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात सवलत आहे, पण ती नातं कायद्याने टिकून आहे तोवर. पैसे घेऊन हिस्सा सोडला तर हिशेब वेगळा. तुमच्या प्रकरणात काय लागू होतं ते वकिलांना विचारूनच ठरवा. परस्पर संमतीच्या अर्जात आम्हाला सहा महिने थांबावं लागलं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून योग्य प्रकरणात न्यायालय ती मुदत माफ करू शकतं. मला मात्र ते सहा महिने कागद पुरे करायला उपयोगी पडले. संयुक्त बचत खातं, लॉकर, विम्याचं आणि निधीचं नामनिर्देशन, सोसायटीतलं नामनिर्देशन, यांतलं काहीही घटस्फोटाने आपोआप बदलेल असं धरून चालू नका. प्रत्येक ठिकाणी आपण जाऊन बदलायचं.

आता आपल्या सोसायटीबद्दल, कारण सोहळा तिचा आहे. भांडणाच्या काळात ह्यांनी तेव्हाच्या सचिव काकांना तोंडी सांगितलं होतं, दाखल्यावरून तिचं नाव काढा. मीही एकदा तणतणत ऑफिसात गेले होते, ह्यांना कसलीही एनओसी देऊ नका म्हणून. काकांनी दोघांना एकच उत्तर दिलं, "मी तुमचा न्यायाधीश नाही. दोघांच्या सहीचा नोंदणी झालेला कागद आणा, नाहीतर न्यायालयाचा आदेश आणा." मला तेव्हा भयंकर राग आला होता. माझी बाजू खरी असताना हा माणूस कागद काय मागतो! आज कळतं, काकांनी त्या दिवशी माझ्या शब्दावर ह्यांचं काम अडवलं असतं, तर ह्यांच्या शब्दावर माझं नावही काढलं असतं. आज व्यासपीठावर बसलेल्या तरुण कार्यकारिणीला माझी एवढीच विनंती, हा शिरस्ता मोडू नका. कोणाची बाजू घेऊ नका, तोंडी काही करू नका, आणि आलेल्या प्रत्येक अर्जाची पोच द्या.

आणखी एक. त्या वर्षी आमचं देखभाल शुल्क चौदा महिने थकलं. महिना ९०० प्रमाणे १२,६००. मला वाटायचं त्यांनी भरावं, त्यांना वाटायचं मी. शेवटी थकबाकीदारांच्या यादीत सूचना फलकावर आमचं नाव लागलं. दोघांचं, शेजारीशेजारी. बाकी सगळीकडे आम्ही वेगळे झालो होतो, त्या फळ्यावर तेवढे जोडीने होतो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. शाळेतून येताना त्याने ते वाचलं आणि घरी येऊन विचारलं, "आई, आपल्याला घर सोडावं लागणार का?" त्या रात्री मी ठरवलं, हे लांबवायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी पैसे भरले. निम्मे, ६,३०० रुपये, ह्यांनी नंतर हिशेबात दिले. मागितले नव्हते.

हरकत नसेल तर समितीला सुचवते, थकबाकीची नोटीस घरी पाठवा, बंद पाकिटात. वसुली व्हायलाच हवी. पण फळा पोरंही वाचतात.

शेवटी, तुम्हाला घाबरवायला मी इथे उभी नाही. तुमचे संसार सुखाचे होवोत. पण आज घरी गेल्यावर कपाटातली ती निळी फाईल काढा. दोघांनी मिळून. करारनाम्यावर कोणाची नावं आहेत, भाग दाखल्यावर कोणाची, कर्जावर कोणाच्या सह्या, कोण कोणाला जामीन, सोन्याची यादी आहे का, नामनिर्देशन कोणाचं, एवढं एका वहीत लिहून ठेवा. संसार चालू असताना ही वही दोघांच्या उपयोगाची आहे. न चालल्यास ती भांडण आटोक्यात ठेवते. आणि दोघांपैकी एक अचानक गेलं तर मागे राहिलेल्याला तीच लागते.

माझ्या भाग दाखल्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाची नोंद आहे, सचिव काकांच्या अक्षरात. काका आता नाहीत. गेल्या महिन्यात दाखला बाहेर काढला तेव्हा मुलाने ती नोंद पाहिली आणि म्हणाला, "आई, यांनी तारीख किती सुवाच्य लिहिली आहे गं." मी म्हटलं, "हो. त्यांचं सगळं तसंच असायचं."

सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी मनापासून शुभेच्छा.